लेथशेजारचा क्रॉलर : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

५ जानेवारी, रविवार

गाडी घरी आली. रिमोटवर चालणारी, १:१६ मापाची (खरीच्या सोळाव्या हिश्शाएवढी) चिनी पिकअप, ३,२०० रुपये. दगडांवर हळूहळू चढवायची, असल्या गाडीला क्रॉलर म्हणतात. मनात खरं तर ॲक्सियलची एससीएक्स२४ नाहीतर ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम होती. पहिली १:२४ मापाची, दुसरी १:१८, आणि दोन्ही खोक्यातून काढून थेट दगडावर घालायच्या. पण किंमत ऐकल्यावर घरात विषय काढायचा धीर झाला नाही. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर असतो. पितळेचे, ॲल्युमिनियमचे तुकडे पायात येतात. म्हटलं, स्वस्तातली आणू आणि हातानं सुधारू. या हिशोबाचं काय झालं ते पुढं आहेच.

या नोंदी कुणाला असंच काही करायचं असेल तर त्याच्यासाठी. मी जिथं पैसे घालवले तिथं तुम्ही घालवू नका, एवढंच.

दुकानात तीन गोष्टी तपासल्या आणि त्या तेवढ्या बरोबर निघाल्या. ट्रिगर हळू दाबला की चाक हळू फिरतं का? बऱ्याच खेळण्यांत नुसतं चालू आणि बंद असतं. तसली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. पुढचा आणि मागचा ॲक्सल एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग आहे का? आणि गाडी उचलून मागचं एक चाक हातानं फिरवलं की पलीकडचं उलटं फिरतं का? उलटं फिरलं तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) मोकळं आहे. मग एक चाक हवेत गेलं की तेच गरागरा फिरत बसणार आणि दगडावरचं ढिम्म. माझ्या गाडीत पुढं-मागं दोन्हीकडं लॉक आहे, म्हणजे जोडीची चाकं एकत्रच फिरतात. या दोन हजार-तीन हजारवाल्या गाड्यांत ही एक गोष्ट चांगली असते.

गल्लीत गटारीचं काम चालू आहे, त्याच्या दगडांचा ढीग आमच्या दारासमोरच. तोच आमचा डोंगर. पहिल्याच दिवशी कळलं की गाडी आडव्या विटेवर चढते, उभ्या विटेवर मागच्या मागं उलटते.

रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. बॅटरीसकट ६१२ ग्रॅम. मग पुढची चाकं काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. पुढं २८६, मागं ३२६. हे आकडे लिहून ठेवले आणि विसरलो. विसरलो नसतो तर दोन महिने वाचले असते.

१२ जानेवारी, रविवार

चढत नाही म्हणजे ताकद कमी, असं ठरवून जास्त वेगानं फिरणारी मोठी मोटार आणली. ३८० रुपये. सोबत एमजी-९०-एस सर्व्हो (पुढची चाकं वळवणारं यंत्र), २२० रुपये, कारण पुढची चाकं दगडाला टेकली की मूळ सर्व्हो कण्हतो आणि वळत नाही.

मोटार बसली. सर्व्हो बसला नाही. जागेला बसतो, पण वायरीला बसत नाही. बाजारात मिळणाऱ्या सर्व्होला तीन वायरी, माझ्या गाडीतल्याला पाच. उघडून बघितलं तर मूळ सर्व्होत नुसती मोटार आणि ती किती वळली ते सांगणारा पोटेन्शिओमीटर आहे. त्याला चालवणारं सर्किट गाडीच्या मुख्य बोर्डावर. म्हणजे सर्व्हो बदलायचा तर बोर्ड बदला, बोर्ड बदलायचा तर रिमोट बदला. या किमतीच्या कित्येक गाड्यांत हीच पाच वायरींची भानगड असते. घेण्याआधी टप उचलून वायरी मोजा.

१४ जानेवारी, संक्रांत

नवी मोटार घेऊन ढिगाऱ्यावर. सपाटीला गाडी अशी पळाली की पोरं टाळ्या वाजवायला लागली. दगडावर मात्र पहिल्यापेक्षा वाईट. हळू चालतच नाही. एकतर उभी, नाहीतर चाकं भिंगरीसारखी. दोन दगडांच्या फटीत पुढचं चाक अडकलं. ट्रिगर सोडायचा सोडून मी आणखी दाबला.

"काका, गाडीतनं धूर येतोय," शेजारचा पिंटू म्हणाला, तिळगूळ चघळत.

बोर्ड गेला. जळक्या वार्निशचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत हाताला येत होता. फिरणारी मोटार थोडा करंट खाते, अडकलेली कितीतरी पट खाते. मूळ बोर्ड मूळ मोटारीपुरताच बनवलेला असतो. हे मला माहीत असायला हवं होतं. लेथची मोटार जाम झाली की आधी स्विचकडं हात जातो, इथं का गेला नाही कुणास ठाऊक.

आता पाच वायरींचा प्रश्न आपोआप सुटला. सगळंच नवीन.

२ फेब्रुवारी, रविवार

भाचा सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडं ड्रोनच्या नादात घेतलेला फ्लायस्काय एफएस-आय६ रिमोट पडून होता. रिसीव्हरसकट (गाडीत बसून रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) २,००० रुपयांना घेतला. त्यानं पैसे घ्यायला नको-नको केलं, पण ताई म्हणाली घे, नाहीतर उद्या परत मागशील.

हा काडीवाला रिमोट विमान-ड्रोनसाठीचा आहे, त्यामुळं डावी काडी वर-खाली केली तर मध्यावर परत येत नाही, ठेवली तिथंच राहते. मी थ्रॉटल, म्हणजे वेगाचं काम, तिथंच जोडला. गाडी चालू केली, काडी खाली होती, गाडी जी रिव्हर्स सुटली ती देव्हाऱ्याखाली जाऊन थांबली. थ्रॉटल रिसीव्हरच्या दोन नंबरच्या चॅनलला लावा; ती उजवी काडी वर-खाली, स्प्रिंगनं मध्यावर येणारी. स्टिअरिंग एक नंबरला लावलं तर दोन्ही कामं एकाच अंगठ्यावर येतात आणि वळवताना नकळत वेग बदलतो. म्हणून स्टिअरिंग चार नंबरला, डाव्या काडीच्या आडव्या हालचालीला. दोन हात, दोन कामं.

सर्व्हो नव्या जागी बसवायला दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्याची पट्टी वाकवली. पहिली पट्टी वाकवताना भेगाळली, दुसरी आतून गोलाई देऊन वाकवली ती टिकली.

५ फेब्रुवारी

सर्व्हो मेला. तीन दिवसांत. चूक माझीच. चाकं पूर्ण वळून नकलला (चाक जिथं वळतं तो सांधा) टेकायची आणि सर्व्हो तरी पुढं ढकलत राहायचा. घूंऽऽ असा आवाज यायचा, मला वाटलं नवीन आहे, आवाज करणारच. रिमोटमध्ये एंड पॉइंट म्हणून सोय आहे, सर्व्हो किती वळू द्यायचा ते ठरवायची. दोन्ही बाजूंना १०० वरून ७२ वर आणलं, आवाज बंद. पण तो दुसऱ्या सर्व्होवर. आणखी २२० रुपये.

भाच्याला फोन केला तर म्हणतो, "मामा, ते तर पहिलं बघायचं असतंय." मग पहिलंच सांगायचं होतंस की.

९ फेब्रुवारी, रविवार

स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटारीला करंट मोजून देणारा भाग. रिमोटसोबतच जोडला होता, इथंही स्वस्तात गेलो. ४५० रुपयांचा, वर ३२० अँपिअर असं ठळक छापलेला. वायर बघितली तर शिलाईच्या दोऱ्याहून थोडी जाड. ३२० अँपिअरला आमच्या वेल्डिंगची केबल अंगठ्याएवढी लागते. असो.

चालला मात्र नीट. जळला नाही. अडचण वेगळीच निघाली. चढावर काडी सोडली की गाडी मागं घरंगळते. क्रॉलर दगडावर अर्ध्यात थांबला पाहिजे, जिथल्या तिथं. तुम्ही वाकून बघता, चाक कुठं टेकलंय, पुढं काय आहे, मग पुन्हा अर्धा इंच. थांबताच आलं नाही तर तो खेळच नाही. काडी मध्यावर आली की मोटारीला ब्रेक लागावा लागतो, त्याला ड्रॅग ब्रेक म्हणतात. माझ्या कंट्रोलरमध्ये तो नाही, आणि घालताही येत नाही.

ढिगाऱ्यावरून गाडी सात वेळा मागं आली. आठव्या वेळी मीच घरात आलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

शेवटी हॉबीविंगचा क्विकरन १०६० कंट्रोलर घेतला, १,७५० रुपये. माझ्या गाडीच्या मानानं आडदांड आहे, पण पिकअपच्या केबिनमध्ये सीटचं प्लॅस्टिक कापल्यावर मावला. याच्यावर दोन इवल्याशा जंपर टोप्या असतात. एका जागी बॅटरीचा प्रकार ठरतो, दुसऱ्या जागी चालण्याची पद्धत. क्रॉलरला पुढं-मागं हीच पद्धत लावायची. त्यात काडी सोडली की जोरदार ब्रेक लागतो आणि थांबायची वाट न बघता रिव्हर्स मिळतो.

टोपी चिमट्यानं काढली आणि ती उडाली. कुठं? लेथखालच्या बुऱ्यात. तात्या, आमचे जुने फोरमन, चुंबक घेऊन आले. टोपीच्या आत पितळेची पट्टी, पितळ चुंबकाला धरत नाही, हे त्यांना पस्तीस वर्षं माहीत आहे, तरी दहा मिनिटं दोघंही चुंबक फिरवत होतो. मग बुरा चाळणीनं चाळला. सापडली. पाऊण तास गेला. हे काम ताटात करा.

आणि आता खरी गोष्ट. मोठी मोटार काढून मूळची, खोक्यातून आलेली मोटार परत बसवली. सहज, बघावं म्हणून. गाडी चालली अशी की मी काट्याकडं बघतोय का गाडीकडं कळेना, मिनिटकाट्यासारखी. चाक फिरतंय हे रबरी दात मोजून समजत होतं. खोट मूळ मोटारीत कधीच नव्हती. तिला बारीक करंट नीट मोजून देणारं कुणी नव्हतं. ३८० रुपयांची मोटार आता टेबलफॅन होऊन पिंटूच्या घरी आहे.

बॅटरीही याच दिवशी बदलली. दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर), ७५० रुपये, तिचा चार्जर ४००. जुन्या पॅकचा चार्जर लिपोला लावायचा नाही, कितीही जवळ असला तरी. पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट, आणि प्रत्येक सेल ३.५ च्या खाली जाऊ देत नाही. चार्जिंग मातीच्या रिकाम्या कुंडीत, अंगणात, आणि मी तिथंच बसलेला. हिला वाटतं मी कुंडीची पूजा करतोय.

२ मार्च, रविवार

गाडी आता हळू चालते, थांबते, वळते. तरी उलटते. आज उलटण्याचाच हिशोब घेतला.

जानेवारीत हौसेनं पितळी तारेचा टपावरचा कॅरिअर केला होता. डाग देऊन, घासून, पॉलिश करून. त्यावर दोन छोटे कॅन, एक फावडं, समोर दिवे. सगळ्यांना आवडला. वजन केलं : ७४ ग्रॅम, आणि तेही गाडीच्या सगळ्यात उंच जागी.

एक फळी घेतली, गाडी तिच्यावर आडवी उभी केली आणि फळीची एक बाजू हळूहळू उचलली. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप फळीवर. कॅरिअरसकट ३८ अंशाला आडवी झाली. कॅरिअर काढून ४४. सहा अंश, नुसत्या दिखाव्यापायी. कॅरिअर आता शोकेसमध्ये आहे, त्याच्यात हिनं उदबत्तीचा पुडा ठेवलाय.

ही फळीची चाचणी प्रत्येक बदलानंतर करा. दगडावर "आता बरी चालते वाटतं" असं वाटतच राहतं. फळी खोटं बोलत नाही.

९ मार्च, रविवार

वजन. हे काम माझं.

मागच्या रविवारी जुनी वही सापडली : पुढं २८६, मागं ३२६. चढावर गाडीचं वजन आपोआप मागं सरकतं. आधीच मागं जास्त असेल तर पुढची चाकं हवेत जाणारच. म्हणजे वजन पुढं हवं आणि शक्य तितकं खाली हवं. चाकाच्या आतच असलं तर सगळ्यात खाली, आणि स्प्रिंगवर त्याचा भारही नाही.

मालकांना विचारून पितळेच्या बारचा उरलेला तुकडा घेतला. बाहेरून २६, आतून १६, रुंदी १० मिलिमीटर अशी दोन कडी काढली. आतला व्यास १६ का, तर चाकामागचा षटकोनी हब १२ मिलिमीटरचा आहे, पण ते सपाट बाजूंमधलं माप झालं; कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ १४ भरतं. पहिल्यांदा १३ चं भोक धरून बसलो होतो, तात्या म्हणाले, "कोपरं मोजलीस का?" मोजली नव्हती.

पितळ कापायला मजा येते. पोलादासारखी लांब कुरळी शेव निघत नाही, बारीक सोनेरी कणी उडते आणि बाहीत जाऊन बसते. फेसिंग झाल्यावर, म्हणजे तोंड सपाट कातल्यावर, ते इतकं चकचकीत की त्यात ट्यूबलाइट दिसत होती. प्रत्येक कडं २८ ग्रॅम भरलं.

बसवलं, चाक सरळ असताना छान. वळवलं की कर्रर्र. कडं नकलला घासतंय. सर्व्होचा पुन्हा तोच घूं आवाज, पण आता मी शहाणा झालो होतो, लगेच बंद केलं. नकलला मार्कर फासून चाक वळवून बघितलं, काळं कड्याच्या तीन मिलिमीटरला लागलं. रुंदी १० वरून ७ केली. वजन विसाच्या जरा खाली आलं, जाऊ दे. दोन्ही मिळून ३९ ग्रॅम.

आणखी वजन कुठून आणायचं? व्हील बॅलन्सिंगच्या दुकानात चिकटपट्टीवाली शिशाची वजनं मिळतात, पाच-पाच ग्रॅमचे तुकडे. ६० रुपयांत मूठभर. पुढच्या ॲक्सलवर, खालच्या बाजूला नव्हे (तिथं दगड खरवडतो), पुढून आणि वरून, असे १२ तुकडे चिकटवले. आधी ॲक्सल थिनरनं पुसा. मी पुसला नाही, दुसऱ्या दिवशी चार तुकडे ढिगाऱ्यात सापडले. शिशाला हात लावला की हात साबणानं धुवा आणि ते पोरांच्या हातात देऊ नका.

बॅटरी मागच्या हौद्यातून काढून बॉनेटखाली आणली. आता एकूण ७४२ ग्रॅम. पुढं ४३८, मागं ३०४. फळीवर ५० अंश. उभी वीट चढली. पहिल्याच झटक्यात नाही, चौथ्या. पण चढली.

आतापर्यंत इलेक्ट्रॉनिक्सवर सहा हजारांच्या वर घातले होते. गाडी वीट चढली ती साठ रुपयांच्या शिशावर आणि फुकटच्या पितळेवर.

१६ मार्च, रविवार

टायर. मूळचे टायर चपलेच्या तळव्याइतके कडक. आतला फोम काढला, थोडा फरक. रबराच्या दातांना ब्लेडनं आडव्या चिरा दिल्या, आणखी थोडा फरक. मग कुणीतरी सांगितलं पेट्रोलमध्ये बुडवून ठेव, मऊ होतात. एक टायर बुडवला. मऊ झाला खरा. फुगलाही, रिमवर बसेना, ताणून बसवला तर फाटला. सकाळपर्यंत वाळून पहिल्याहून कडक. हे करू नका. आणि घरात पेट्रोलची वाटी उघडी ठेवल्याबद्दल जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही.

मऊ टायरचा सेट मागवला, ९५० रुपये. चार टायरला एवढे? हो. अलीएक्सप्रेस हे चिनी ऑनलाइन दुकान नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्याकडं बंद झालं. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. खेळण्यांवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) शिक्का जानेवारी २०२१ पासून सक्तीचा. इथल्या खेळणी कारखान्यांना त्याचा फायदा झाला असेल, पण आमच्यासारख्याला चार टायर हवे असतात ते इथं कुणी बनवत नाही. त्यामुळं जो आणून ठेवतो तो सांगेल तो भाव.

१९ मार्च, रंगपंचमी

पोरांनी गाडी रंगाच्या पाण्यातून नेली. बंद. तांदळाच्या डब्यात ठेवा असं तिघांनी सांगितलं. मी रिसीव्हर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं टूथब्रशनं घासला, पंख्याखाली रात्रभर. चालू झाला. आता रिसीव्हर एका फुग्यात घालून तोंड केबल टायनं बांधलंय. गुलाबी फुगा आहे, बॉनेट उघडलं की लोक हसतात.

३० मार्च, पाडवा

टायर आले. मऊ, बोटानं दाबले की दबतात आणि हळू परत येतात. गुढी उभारली आणि लगेच ढिगाऱ्यावर. काळ्या दगडाच्या गुळगुळीत तोंडावर जिथं जुनं चाक फिरत राहायचं, तिथं हे टायर दगडाच्या कडेला मिठी मारतात. जमिनीजवळ डोकं नेऊन बघा, टायरचा खालचा भाग पसरून दगडाचा आकार घेतो.

धूळ मात्र वैरी. टायरवर धूळ बसली की सगळी मिठी संपली. खिशात ओलं फडकं ठेवतो.

२० एप्रिल, रविवार, मसाई पठार

जोतिबाची चैत्र यात्रा १२ तारखेला झाली, त्या गर्दीत पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायची सोय नव्हती. म्हणून आज. मी, ही, भाचा आणि पिंटू. पन्हाळगडावर गाडी चालवली नाही आणि तुम्हीही चालवू नका. तटाच्या नाहीतर पायऱ्यांच्या दगडावर तर नाहीच. ते संरक्षित स्मारक आहे, आपला खेळ पठारावर होतो.

गल्लीतला दगड म्हणजे काळा बेसाल्ट. पठारावर जांभा. मला वाटलं होतं दगड तो दगड. जांभा खरखरीत, कानसच म्हणा, टायर असा धरतो की गल्लीत जे ४० अंशाला सुटायचं ते इथं आरामात. पण जांभ्याला भोकं. लिंबाएवढी, नारळाएवढी. १:१६ च्या चाकाला नारळाएवढं भोक म्हणजे विहीर. पुढची दोन्ही चाकं एकदम भोकात गेली की गाडी नाकावर उभी. म्हणून समोरून सरळ जायचंच नाही, तिरकं जायचं, एका वेळी एकच चाक खाली उतरेल असं. भाचा सरळ जात होता आणि दर वेळी उचलून आणत होता.

दुसरी गोष्ट हिच्याकडून शिकलो. आम्ही सगळे दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचो, खऱ्या गाडीत घेतो तसा. मग पोट अडकायचं. हिनं पहिल्यांदाच रिमोट हातात घेतला आणि चाक दगडावरच घातलं. गाडी उंच झाली, पोट सुटलं, पलीकडं. मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" तर म्हणते, "अहो, पाय दगडावरच ठेवायचा असतोय ना ओढ्यात? दगडांच्या मधे ठेवला तर मुरगळतोय. आणि जरा दमानं घ्या, किती दाबताय ते." तिनं सगळ्यात अवघड कपार एकदाही रिव्हर्स न घेता काढली.

दुपारी साडेबाराला मागची चाकं फिरायची बंद. मधल्या शाफ्टची पिन तुटली होती, प्लॅस्टिकच्या नळीतली दोन मिलिमीटरची. सुटे भाग घरी, ड्रॉवरमध्ये, नीट डबीत लावून ठेवलेले. हिच्या बांगडीला सेफ्टी पिन अडकवलेली होती. ती सरळ केली, भोकातून घातली, भोक मोठं आणि पिन बारीक म्हणून दुहेरी केली, टोकं पकडीनं वाकवली. त्या पिनेवर गाडी आणखी सव्वा तास चालली. घरी आल्यावर सायकलच्या चाकाची तार कापून कायमची पिन केली. ती बरोबर दोन मिलिमीटरची असते आणि मोडत नाही. सेफ्टी पिन परत मागितली गेली.

एका बॅटरीवर ५० मिनिटं मिळतात. दुसरी घ्यावी का, हा विषय परतीच्या वाटेवर निघाला आणि लगेच मिटलाही.

११ मे, रविवार

गल्लीत खेळ लावला. दगडांच्या मधे बांबूच्या कामट्यांची दहा फाटकं. नियम मोठ्या स्पर्धांच्या धर्तीवर, आम्हाला झेपतील तसे : रिव्हर्स घेतला एक गुण, कामटीला धक्का लागला दहा, हात लावला दहा. कमी गुण तो जिंकला. वेळ मोजायची नाही, हे आधीच ठरवा. नाहीतर सगळे पळवायला लागतात आणि पुन्हा ती मोठ्या मोटारीची चूक.

मी ३४. भाचा ५१. ही १२. पिंटूनं हात लावायचा सपाटा लावल्यामुळं मोजणी थांबवली.

आजवरचा हिशोब, कुणाला हवा असेल तर : गाडी ३,२००, मोटार ३८०, दोन सर्व्हो ४४०, रिमोट २,०००, पहिला कंट्रोलर ४५०, दुसरा १,७५०, बॅटरी-चार्जर १,१५०, टायर ९५०, शिसं ६०. एकूण १०,३८०. त्यातली मोटार, एक सर्व्हो आणि पहिला कंट्रोलर मिळून १,०५० सरळ पाण्यात गेले. आज परत सुरुवात केली तर आधी फळी आणि काटा, मग शिसं, मग टायर, मग बाकीचं. किंवा थोडं थांबून १:२४ मापाची वापरलेली तयार गाडी बघेन. पण मग कडी काढायला मिळाली नसती.

१ जून, रविवार

यंदा पाऊस मेमध्येच आला. आठवडाभर ढिगारा चिखलात. परवा उघडीप मिळाली म्हणून अर्धा तास बाहेर काढली, तर डाव्या नकलला केसाएवढी भेग. पितळेच्या वजनानं असणार. मूळ प्लॅस्टिक एवढ्या भाराचं नाही. सुपरग्लू लावून उपयोग नाही, लावून बघितला. ॲल्युमिनियमचा नकल मिलिंगवर काढावा लागेल. ड्रॉइंग केलंय, दोन बेअरिंगच्या जागांची मापं अजून पक्की नाहीत.

गाडी सध्या सुट्या भागांत, दुपारच्या डब्याशेजारी, कामावर. आज तात्या बघायला आले. कडं हातात घेऊन फिरवून बघितलं, वर्नियर लावला, म्हणाले, "दोन शतक जास्त आहे." शतक म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मग म्हणाले, असली अजून एक जोडी निघंल का, नातवासाठी बघतोय एक गाडी.

नातू दीड वर्षाचा आहे.